सोमसूत्राच्या अलीकडे

देवाला हाक मारायची तर कुठल्या दिशेला तोंड करून मारायची, हेच मला त्या दिवशी कळेना. आयर्लंडमधल्या डंडॉक गावात, मुलाच्या घरी, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी मी उभी होते. हातात पोह्यांची चाळणी. आणि तिकडे नाशिकला आमचे हे ऑक्सिजनसाठी एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत होते. पुतण्या संजू त्यांना गाडीत घालून हिंडत होता. त्याचा फोन आला, "काकू, कुठंच खाट नाही, काकांना बोलवत नाहीये," एवढं म्हणाला आणि फोन बंद पडला. पुन्हा लावला तर लागेना. आयुष्यभर देवाच्या दारात राहिलेली बाई मी, पण त्या क्षणी माझ्या तोंडून रामही निघेना आणि महादेवही निघेना. हे सगळं खोटंच आहे की काय, असं मनात आलं. आलं ते आलं, लपवून काय करू?

आधी माझं थोडं सांगते. माझं माहेर त्र्यंबकचं, सासर नाशिकचं, पंचवटीतलं. रामकुंडाजवळ आमचं पूजासाहित्याचं दुकान. आमच्या भागातल्या माणसाला एवढं सांगितलं की तो हसतो, कारण ही दोन गावं म्हणजे जुनी भाऊबंदकी. पेशवाईच्या काळात सिंहस्थात पहिलं स्नान कुणी करायचं यावरून शैव आणि वैष्णव साधूंच्या तलवारी निघाल्या, गोदावरीच्या काठी प्रेतांचा खच पडला म्हणतात. शेवटी वाटणी करून दिली, शैवांनी त्र्यंबकला न्हायचं आणि वैष्णवांनी नाशकात. एकाच नदीचं पाणी, पण घाट वेगळे. ते भांडण साधूंनी सोडलं असेल, आमच्या घरानं नाही सोडलं. लग्न झाल्यापासून हे मला म्हणत, "खरं तीर्थ आमचं, तुमच्याकडे नुसता उगम." मी म्हणायची, "उगमच नसता तर तुम्ही काय वाळूत बुडी मारली असती का?" सगळं थट्टेतलं. पण थट्टेतही कुणी हार मानायची नाही, असा आमचा संसार.

सूनबाईंचं, म्हणजे सायलीचं बाळंतपण करायला मी दोन हजार वीसच्या सुरुवातीला डंडॉकला आले. यांना दुकान सोडवेना, म्हणून एकटीच आले. निघताना मी त्र्यंबकराजाचा अंगारा एका डबीत घेतला होता. यांना ते खपतंय कशाला! रामकुंडाच्या पाण्याचा बोटभर गडू, तोंड लाखेनं बंद केलेला, यांनी माझ्या मोठ्या बॅगेत साडीच्या घडीत सरकवला. इथे आल्यावर तो सापडला तेव्हा मी फोनवर यांना चांगलं सुनावलं. पण दोन्ही वस्तू स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, नातीच्या निमित्तानं तेवढं मी शिकले. तेच आमचं देवघर झालं.

नात झाली, आणि पाठोपाठ जगच बंद झालं. माझं तिकीट दोनदा निघालं, दोनदा रद्द झालं. इथलं सरकार व्हिसाची मुदत आपणहून वाढवत होतं, त्यामुळे ती काळजी नव्हती. हेच मला म्हणत, "तू तिथंच थांब, इकडे काही खरं नाही." रोज आमचा फोन. ठेवताना हे म्हणणार "जय राम," मी म्हणणार "हर हर महादेव." शेवटचा शब्द कुणाचा, याची चढाओढ. नातीनं माझं पाहून पहिल्यांदा हात जोडले ते फोनसमोर.

टाळेबंदीच्या आधी एकदा मुलानं, निखिलनं, मला गाडीतून फिरवलं होतं. गावाबाहेर एक पाटी लागली. तो म्हणाला, "आई, हा रस्ता आर्माला जातो. इथल्या ख्रिस्ती लोकांची काशीच म्हण. यांच्या मोठ्या संतानं तिथल्या टेकडीवर पहिलं देऊळ बांधलं."

"मग चल की, पाया पडून येऊ."

"नाही जाता येत. पुढे ओढा आहे, त्याच्या पलीकडे ब्रिटनचं राज्य. आपल्याला वेगळा व्हिसा लागतो. फाटक नाही, पोलीस नाही, पण चुकून गेलो आणि कुणी हटकलं तर तुझा इथला व्हिसा जाईल आणि माझी नोकरीही अडचणीत येईल."

मग त्यानं त्या गावाची कथा सांगितली. एकच संत, दोन्ही पंथ त्यालाच मानतात, पण धर्म दोन वाटांनी गेला. जुनं देऊळ एका पंथाकडे गेलं. दुसऱ्या पंथानं समोरच्या टेकडीवर त्याच संताच्या नावानं दुसरं बांधलं, दोन उंच मनोऱ्यांचं. दोन टेकड्यांवर दोन देवळं, एकमेकांकडे बघत उभी. मध्ये शेकडो वर्षांचं वैर, जाळपोळ, मुडदे. निखिल लहान असेपर्यंत म्हणे त्या भागात गोळ्या चालत होत्या. मी म्हटलं, "अगं बाई, हे तर आपलं त्र्यंबक-नाशिकच की!" त्या दिवशी फोनवर यांना ही गोष्ट सांगितली तर यांनी पहिला प्रश्न काय विचारावा? "त्यातलं आपलं कुठलं?"

दुसऱ्या वर्षीचा एप्रिल उजाडला आणि नाशकातून एकेक बातमी यायला लागली. शेजारचे गेले, दुकानासमोरचा फुलवाला गेला. मग यांना ताप आला. आधी म्हणाले साधाच आहे. नंतर बोलता बोलता दम लागायला लागला, आणि फोन ठेवताना 'जय राम' म्हणायचे राहून गेले. मी कान लावून वाट बघत होते. त्यांनी म्हटलं नाही म्हणून माझ्याकडूनही काही म्हटलं गेलं नाही. त्यानंतर दुसऱ्याच दिवशी संजूचा तो फोन.

निखिल वरच्या खोलीत कंपनीच्या मीटिंगमध्ये होता, सायली नातीला झोपवत होती. त्यांना हाक मारावी, एवढंही मला सुचलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, आणि ती कुठून आली ते आजही मला सांगता येत नाही. आर्माला जायचं. दोन्ही देवळांत जायचं. एकाच्या पायरीशी अंगारा ठेवायचा, दुसऱ्याच्या पायरीशी रामकुंडाचं पाणी, आणि म्हणायचं की बाबांनो, तुमचं काय भांडण असेल ते असो, माझा माणूस मला परत द्या. शहाणी बाई असं करते का? पण माझी त्र्यंबक-नाशिक दोन्ही सात समुद्रांपलीकडे, देवळांना कुलपं, विमानं बंद. जवळ जे होतं ते हे होतं. मी डबी, गडू आणि फोन पिशवीत टाकले, अंगावर सायलीचा कोट चढवला, पायात घरातल्याच सपाता, आणि मागच्या दारानं निघाले. रस्त्यावर पाटी आहे म्हणजे गाव जवळच असणार, अशी माझी समजूत.

किती चालले, देव जाणे. मोठा रस्ता सोडून शेतातल्या बारक्या रस्त्याला लागले होते, कारण मोठ्या रस्त्यावर गाडी थांबवून कुणी विचारेल ही भीती. एकीकडे गाई, दुसरीकडे पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, वारा असा की पदर आवरता आवरेना. जिल्ह्याबाहेर जायलाही तेव्हा बंदी होती. मी मनात हिशेब लावत होते, यांचं काय झालं असेल, संजूनं आता कुठं नेलं असेल. मधेच वाटायचं, परत फिरावं. मधेच वाटायचं, परत फिरले आणि तिकडे काही झालं तर? पाय पुढे पडत होते आणि मन जागच्या जागी गरगरत होतं. एका सपातेचा पट्टा तुटला.

तेवढ्यात एक काळा-पांढरा कुत्रा भुंकत अंगावर आला आणि मागून एका म्हाताऱ्या माणसानं त्याला हाकारलं. सत्तरीच्या पुढचा, टोपी घातलेला, पायात गमबूट. तो शेताच्या फाटकात उभा होता. त्यानं लांबूनच विचारलं, "बाई, बऱ्या आहात ना? निघालात कुठं?" त्याचं इंग्रजी मला निम्मंच कळायचं, माझं त्याला किती कळलं असेल कोण जाणे. मी म्हटलं, "आर्मा." तो माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "चालत? संध्याकाळ होईल." मग बोट दाखवून म्हणाला, "तो ओढा ओलांडलात की तुम्ही त्या राज्यात."

मी बघितलं. छोट्या पुलाचा गुडघाभर दगडी कठडा, खालून पाण्याची एक धार. अलीकडे रस्त्याच्या कडेची रेघ पिवळी, पलीकडे पांढरी. बस, एवढाच फरक. फाटक नाही की चौकी नाही. दहा पावलं टाकली असती तर मी पलीकडे असते. आणि निखिलचे शब्द कानात. पकडले गेले तर त्याची नोकरी, माझा व्हिसा, आणि मग यांच्यापाशी जायची जी काही वाट उरली होती तीसुद्धा बंद. देव पलीकडे, कायदा अलीकडे, आणि मी तुटक्या सपातेत मधोमध. मला रडू कोसळलं. अनोळखी माणसासमोर मी कधी रडलेली नाही, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. त्या दिवशी मात्र कठड्यावर बसून पोरासारखी रडले आणि मोडक्या इंग्रजीत सगळं सांगत सुटले. नवरा, ऑक्सिजन, दोन देवळं, अंगारा, पाणी.

सांगून झाल्यावर त्यानं आपल्या थर्मासमधला चहा झाकणात ओतला, ते झाकण कठड्यावर ठेवलं आणि चार पावलं मागे सरून उभा राहिला, नियमाप्रमाणे. मग म्हणाला, "माझी बहीण आर्माला असते. अंथरुणाला खिळलीय. तिचं जेवण घेऊन मी रोज जातो, त्याला परवानगी आहे. तुमचं काय ते द्या माझ्याकडे. मी ठेवतो."

मी डबी आणि गडू कठड्यावर ठेवले. अंगारा कुठे आणि पाणी कुठे, ते मी त्याला दोनदा सांगितलं. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "त्या दोन मनोऱ्यांच्या देवळात मी लहानपणापासून जातो. दुसऱ्यात कधी पाय ठेवलेला नाही. माझ्या भावाला त्या काळात मारलं. त्या बाजूच्या लोकांनी." एवढ्या मोठ्या दुःखात मी माझं पाणी घेऊन कुठं घुसले! मी गडू परत घ्यायला हात पुढे केला. त्यानं मान हलवली. "जातो म्हटलं ना? फक्त सांगा, आधी कुठं जाऊ?"

आधी कुठं! कर्म माझं. ज्या प्रश्नावरून आमच्याकडे तलवारी चालल्या, ज्या प्रश्नावरून आम्ही नवरा-बायको जन्मभर एकमेकांना टोमणे मारत आलो, तोच प्रश्न हा म्हातारा मला ओढ्याच्या काठावर विचारत होता. त्र्यंबकचं आधी म्हणावं तर यांचा राम रुसला तर? रामाचं आधी म्हणावं तर मी माझ्या महादेवाला काय तोंड दाखवू? शेवटी मी हात जोडले आणि म्हटलं, "तुमचे पाय जिकडे जातील तिकडे."

तो आपल्या जुन्या गाडीतून ओढा ओलांडून गेला. मी बघत राहिले. आणि तेव्हा मला वडिलांची आठवण झाली. ते त्र्यंबकला पूजा सांगायचे. मी लहान असताना महादेवाच्या देवळात पळत गोल फेरी मारायला गेले की ते हात धरून थांबवायचे. पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर वाहतं ना, ते सोमसूत्र. ते ओलांडायचं नाही. तिथपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं मागे फिरायचं. महादेवाची प्रदक्षिणा अर्धीच असते, आणि ती पूर्ण धरतात. मी त्या ओढ्याच्या पाण्याकडे बघितलं. मन शांत झालं, असं म्हणणार नाही. पण इथून पुढे जाणं आपलं काम नाही, हे पायांना कळलं. मी पाण्याला नमस्कार केला आणि मागे वळले.

थोड्या वेळानं सायलीची गाडी समोरून आली. माझ्या फोनवरून तिनं मी कुठे आहे ते शोधलं होतं. गाडीतून उतरली ती ओरडतच, "आई, तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? निखिल वेडा झालाय तिकडे!" आणि मग माझे पाय बघून तिनं मला मिठी मारली. घरी निखिलनंही आधी आवाज चढवला आणि मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. बाप त्याचाही होताच की.

चहाच्या वेळेला संजूचा फोन आला. "काकू, खाट मिळाली. काकांना ऑक्सिजन लागला." मी देवाचं नाव घेतलं आणि लगेच विचारलं, "कशी रे मिळाली?"

"रिकामी झाली."

"म्हणजे ते घरी गेले ना, त्या खाटेवरचे?"

संजू म्हणाला, "काकू, ते नका विचारू."

कृपा म्हणतात ती हीच का? कुणाच्या तरी घरी त्याच वेळी टाहो फुटला असेल, त्या बाईनंही माझ्यासारखाच कुठल्या तरी देवाचा धावा केला असेल. तिचं का नाही ऐकलं, आणि माझंच का? हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. प्रेसमध्ये अंगाऱ्याची आणि गडूची जागा रिकामी होती. तिथे मी एक दिवा यांच्यासाठी लावला आणि एक त्या अनोळखी माणसासाठी.

पुढचे कितीतरी दिवस असेच टांगलेले गेले. आज थोडं बरं, उद्या पुन्हा खाली. यांच्याशी बोलता यायचं नाही, तोंडावर मास्क. एका रविवारी निखिलच म्हणाला, "चल आई, तुझ्या त्या बाबांना भेटून येऊ." मी बेसनाचे लाडू करून घेतले. तो फाटकापाशीच होता, कुत्राही होता. लाडवांचा डबा मी कठड्यावर ठेवला आणि मागे सरले. मी विचारायच्या आधी त्यानंच सांगायला घेतलं, आणि निखिल मला मराठीत सांगत गेला.

त्या दिवशी तो सवयीप्रमाणे आधी आपल्याच देवळाकडे गेला, तर आत कुणाचा तरी अंत्यविधी चालला होता. मोजकी माणसं सोडत होते, त्याला दारातच थांबवलं. तो पायऱ्यांवर उभा राहिला आणि समोरच्या टेकडीकडे बघत राहिला. "वाट बघत थांबता आलं असतं," तो म्हणाला. "पण तुमच्या नवऱ्याला थांबायला वेळ नव्हता." म्हणून तो टेकडी उतरला आणि दुसरी चढला. आत गेला. तिथे एका बाकावर बसला. एका बाईनं येऊन विचारलं, वाट चुकलात का? तो म्हणाला, "हो." बराच वेळ बसला, भावाशी बोलला म्हणे मनातल्या मनात.

"आणि अंगारा?" मी विचारलं. "पाणी?"

तो जरा ओशाळला. टोपी खाली ओढून म्हणाला, "खरं सांगायचं तर कुठलं कुठे ठेवायचं ते मी विसरलो. म्हणून दोन्हीकडे दोन्ही थोडं थोडं ठेवलं. चाललं ना?"

कित्येक दिवसांनी मला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी आणि तोंडात हसू. चाललं म्हणजे काय! जे आमच्या पूर्वजांना जमलं नाही, ते या बाबानं विसरभोळेपणानं करून टाकलं. मी म्हटलं, "ग्रँड." इथे सगळ्याला तेच म्हणतात. तोही हसला.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारची वेळ होती, नातीला भात भरवत होते आणि फोनवर यांचं चित्र आलं. नळी नाकात, दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. ओळखू येऊ नये असा माझा माणूस. नातीनं लगेच हात जोडले. असेच एकमेकांकडे बघत राहिलो. संजू मागून म्हणाला, "काकू, ठेवतो आता, त्यांना दम लागतो." तेव्हा यांनी हातानं त्याला थांबवलं, ओठ हलवले, आणि श्वास घेत घेत, तुकड्या तुकड्यानं म्हणाले, "हर हर... महादेव."

आमच्या संसारात हे पहिल्यांदा घडलं. माझ्या हातातला भात खाली सांडला. मी पदर तोंडाला लावला, आणि मग जेवढा म्हणून आवाज निघाला तेवढ्यानं म्हटलं, "जय राम."

हे आता घरी आहेत, दुकानात बसतात. मला कुणी विचारतं, कुणाच्या कृपेनं वाचले? मला सांगता येत नाही. रामाच्या, महादेवाच्या, की त्या परक्या संताच्या, आणि त्याच्या कुठल्या देवळाच्या? की त्या खाटेवरून उठून गेलेल्या माणसाच्या? पूर्वी मी भांडून उत्तर दिलं असतं. आता सोमसूत्रापर्यंत जाते, हात जोडते आणि मागे फिरते. पलीकडचं त्यांचं त्यांनी बघावं. त्या म्हाताऱ्या बाबाला देवानं उदंड आयुष्य द्यावं, आणि मी नाव न विचारलेल्या त्या दुसऱ्या घराला शांती द्यावी. एक दिवा मी अजूनही त्यांचा लावते.